सत्तर पानं

पहाटे साडेतीनला आई उठवायची, हाक न मारता,
पायाचा अंगठा दाबून.
डोळ्यांत अजून वार्षिक परीक्षेचा भूगोल असायचा
आणि पिशवीत पेजेची बाटली, दोन कांदे.
जंगलात शिरताना बाया मुद्दाम खोकायच्या,
म्हणजे आत जे काही निजलेलं असेल
त्यानं आधी उठून जावं.

तेंदूचं पान तळहाताएवढं हवं.
लालसर नको, भोक पडलेलं तर नकोच.
तेराव्या वर्षी माझा तळहात पानाहून लहान होता.
पुढल्या उन्हाळ्यात बरोबर झाला.
त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात
तळहात लावून बघायचं सुचलंच नाही.

दुपारी मांडवाखाली पुडके बांधायचे.
सत्तर पानं, वर पळसाच्या मुळीचा वाक, गाठ.
डिलेश्वरीताई गप्पा मारत मोजायची आणि चुकायची नाही.
मी गप्प बसून मोजायची आणि चुकायची.
अडुसष्ट. एकदा तर त्रेसष्ट.
कोंबड्या रांजणाच्या सावलीत एकीला एक चिकटून,
कुत्रं न्हाणीच्या ओलीत,
आणि दुपार धावड्याच्या डिंकासारखी
बोटांवरून सुटतच नसे.
कधी एकदा मोठी होते, असं मी म्हणायची.
मोठ्यानं म्हणायची. ताई हसायची.

हिवराज एकाहत्तर बांधायचा.
“एक कायले जास्त?”
“जंगलाचं हाये.”
“जंगल का बिडी पेते?”
त्याला हसू यायचं नाही.
आवाज त्याच साली फुटला होता त्याचा,
बोलला की रिकाम्या गुंडातून आल्यासारखा,
म्हणून तो कमी बोलायचा.

संध्याकाळी फडावर शंभराशंभराच्या ओळी.
टेकाम मुन्शी मधूनच एखादं पुडकं उचलून सोडायचा.
माझं त्रेसष्टचं त्याच्या हाती लागलं
तेव्हा हिवराज म्हणाला, “माझं व्हय ते.”
त्याच्या कार्डातून पाच पुडके कापले.
मी काही बोलले नाही.
माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता,
मी त्याच्याकडे बघत राहिले.

परतताना आम्ही तलावाच्या पोटातून आलो.
पाणी पार मधोमध गेलेलं,
चिखलाच्या खपल्या पायाखाली मोडत होत्या, पापडासारख्या.
तो पुढे, मी मागे.
“पुढल्या साली मी नाही येत,” तो न वळता म्हणाला,
“मामा सुरतेले नेऊन रायला.”
मी म्हटलं, “बरं.”
अख्ख्या मराठीत मला तेवढाच शब्द सापडला.

पुढल्या साली ताईचं लग्न झालं होतं.
मांडवाखाली जागा ऐसपैस होती.
मी एकदाही चुकले नाही.

हंगाम पंधरा दिवसांचा.
मी पाच उन्हाळे गेले.
परवा उगाच हिशोब केला, औषधांच्या खोक्यावर, पेन्सिलनं:
पंच्याहत्तर दिवस.
एक पुडकं, आणि वर पाच पानं.
एवढंसं होतं ते,
आणि मला वाटत होतं संपत नाही म्हणून.

आता मी उपकेंद्रात असते.
मे महिन्यात ऊन लागलेली माणसं येतात.
काल एक पोरगी आणली, तेरा-चौदाची,
बोटं चिकानं काळी, ओढणीखाली लपवत होती.
मी म्हटलं, “चिंचेनं घास, निघते.”
तिनं चमकून माझ्या हातांकडे पाहिलं.
हात माझे स्वच्छ आहेत. वीस वर्षं झाली.

मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत
मोजू लागले.
सत्तराशी आले
आणि माझा अंगठा आपसूक वाक शोधू लागला,
गाठ मारायला.
काटा अजून पुष्कळ अलीकडे होता.
नाडी तिची धावतच होती.